पहिली पंगत, दुसरी पंगत : जुन्या आणि नव्या लायनरवरचं जेवण

चिंचगूळ (शनिवार, रात्री १०:४०)

नवऱ्याच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने विमान बंद केलं. आम्ही रेडिंगला, लेक न्यू जर्सीत, तिचं बाळंतपण तोंडावर. मग काय, साउदम्प्टनहून क्वीन मेरी २ पकडली. सात रात्री, वाटेत एकही बंदर नाही. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "क्रूझ कशी झाली?" क्रूझ नव्हती हो. बोटीने अमेरिकेला गेले, एवढंच. आपले आजे-पणजे विलायतेला जायचे तसं.

लिहायचंय ते जेवणाबद्दल.

पहिल्या दिवशी खोलीत कार्ड ठेवलेलं होतं. ब्रिटानिया रेस्टॉरंट, टेबलाचा नंबर, वेळ साडेआठ. जेवणाच्या दोन पाळ्या, एक सहाची आणि एक साडेआठची. मी नवऱ्याला म्हटलं, "घ्या, आपण दुसऱ्या पंगतीला." हॉल केवढा, तर जहाजाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, जवळजवळ तीन मजले उंच, सुमारे १३५० माणसं बसतील असा. मधोमध जिना, समोर भलंमोठं विणलेलं चित्र, त्यात जहाज आणि मागे न्यूयॉर्क. साडी नेसून त्या जिन्यावरून उतरताना मी निऱ्या धरून एकेक पायरी मोजत होते, आणि खालचे लोक मी दिमाखात येतेय असं समजत होते.

आमचं टेबल आठ जणांचं. डंडीचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, टेक्सासच्या एक एकट्या बाई, दोन जर्मन बहिणी आणि विमानाला घाबरणारा एक तरुण. पहिल्या रात्री सगळे हवापाण्यावर बोलले. तिसऱ्या रात्री मास्तरांनी लोण्याची बशी न विचारता माझ्याकडे सरकवली, कारण मी दुप्पट लोणी घेते हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पाचव्या रात्री जर्मन बहिणींचं आपसांत बिनसलं आणि टेक्सासवाल्या बाई दोघींच्या मध्ये जाऊन बसल्या. सातव्या रात्री सगळ्यांना माझ्या लेकीचं नाव, तारीख, डॉक्टर, सगळं पाठ.

आता जुनी बाजू. लेक कॅलिफोर्नियात शिकत होती तेव्हा लाँग बीचला नांगरून ठेवलेली मूळ क्वीन मेरी पाहिली होती. ही १९३६ सालची, १९६७ मध्ये निवृत्त झालेली. तिच्या वरच्या वर्गाचा जेवणाचा हॉल एवढा मोठा की त्या वर्गाचे सगळे उतारू एकाच पंगतीला बसत. पण मला आठवतो तो भिंतीवरचा अटलांटिकचा नकाशा. एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्याला न्यूयॉर्क, आणि मधल्या वाटेवर सरकणारं स्फटिकाचं इवलंसं जहाज. सूप पिता पिता मान वर केली की आपण कुठवर आलो ते कळायचं. आताच्या बोटीवर तीच माहिती खोलीतल्या टीव्हीवर दिसते. मी रोज बघायचे, पण टीव्हीसमोर कुणी "अरे, अर्धं अंतर झालं!" म्हणून शेजारच्याला कोपर मारत नाही.

आणखी एक. नव्या बोटीवर वर्ग नाहीत असं सांगतात. कागदावर नसतील. पण खोली जशी घ्याल तसं जेवणघर. साध्या खोलीला ब्रिटानिया. जरा वरच्या खोलीला ब्रिटानिया क्लब. त्याच्याही वर प्रिन्सेस ग्रिल, आणि सगळ्यात वर क्वीन्स ग्रिल. ग्रिलवाल्यांना पाळी नाही, त्यांनी हवं तेव्हा यावं. त्यांचा वेगळा लाउंज, वेगळी गच्ची. पेशवाईतली खाशांची पंगत ती हीच.

डिनर जॅकेट, पांढरे हातमोजे घालून चहा वाढणारे वेटर, हे सगळं छान आहे. फोटो चांगले येतात. पण माझ्या मते बोटीची खरी जुनी रीत म्हणजे ठरलेलं टेबल आणि तीच ती माणसं. बाकी सगळं नाटकाचे कपडे.

तुमच्या घरात कुणी बोटीने गेलं असेल तर लिहा. काय खाल्लं, कुणाशेजारी बसले, डबा नेला होता का?

मुंबईचा_मावळा (शनिवार, रात्री १०:५२)

मी पयला! वाचनखूण साठवली आहे. शाकाहारी लोकांचं काय? आणि फोटो कुठायत?

नांगर_टाक (रविवार, सकाळी ७:१५)

छान लिहिलंय. जन्म मालवाहू जहाजांवर गेला, त्यामुळे आमची पंगत म्हणजे मेसमधलं एक टेबल. तरी थोडी तांत्रिक भर घालतो.

लायनर म्हणजे ठरावीक वेळापत्रकाने एका काठाहून दुसऱ्या काठाला जाणारं जहाज. हवा खराब म्हणून वाट बदलून तिसऱ्याच बेटावर जायची सोय त्याला नाही. म्हणून पुढचा भाग लांब आणि निमुळता, पोलाद जाड, बुडी खोल, वेग जास्त. क्वीन मेरी २ ही ३४५ मीटर लांब आहे आणि ३० नॉटपर्यंत जाते. आजची बहुतेक क्रूझ जहाजं २२ च्या आसपास. नियमित अटलांटिक ओलांडणारी लायनर आता तीच एकटी उरलीय. २००४ पासून.

याचा जेवणाशी संबंध आहे. मूळ क्वीन मेरीला सुरुवातीला स्टॅबिलायझर (डोलणं कमी करणारे बाजूचे पंख) नव्हते, ते बसवले १९५८ मध्ये. म्हणजे बावीस वर्षं ती हिवाळी अटलांटिकमध्ये मनसोक्त डोलत होती. कपातल्या चहातून दूध वेगळं काढील अशी तिची ख्याती. अशा वेळी टेबलाच्या कडेला असलेल्या पट्ट्या उभ्या करायच्या, म्हणजे बशी मांडीवर येत नाही. आणि टेबलक्लॉथ ओला करायचा. ओल्या कापडावर बशी सरकत नाही. हे आम्हीही करायचो. आमच्याकडे टेबलक्लॉथ नव्हता, ओलं वर्तमानपत्र होतं.

दुसरं, प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात आता उघडी ज्योत नसते. सगळं विजेवर. आगीची भीती. त्यामुळे चिंचगूळताईंना बोटीवर फुगलेला फुलका मिळाला असेल तर तो तव्यावरच कापडाने दाबून फुगवलेला असणार.

जाता जाता : नव्या बोटीच्या धुराड्यावरच्या भोंग्यांपैकी एक मूळच्या क्वीन मेरीचा आहे, १९३६ चा. दहा मैलांवर ऐकू जातो म्हणतात.

शेंगदाणा (रविवार, सकाळी ११:०५)

ताई, ठरलेल्या टेबलाचं एवढं कौतुक नको. माणसं चांगली मिळाली म्हणून बरं. आम्ही गेलो होतो एका क्रूझवर (नाव लिहीत नाही, पैसे देऊन झालेत). सहा जणांचं टेबल. त्यातले एक काका सातही रात्री आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. डावा संपला की उजवा. चौथ्या रात्रीपासून आम्ही वरच्या बुफेत पळालो.

आता बऱ्याच जहाजांवर हवं तेव्हा या, हवं तिथे बसा असं असतं. मला तेच बरं वाटतं. सुट्टीवर जाऊन घड्याळाकडे बघत जेवायचं असेल तर घरी सासूबाई आहेत.

आणि परंपरा म्हणाल तर आमच्याकडे शेवटच्या रात्री दिवे घालवले, वेटर लोक डोक्यावर ताटं घेऊन रांगेने आले, ताटात भाजलेलं आइस्क्रीम, त्यावर बॅटरीच्या मेणबत्त्या. आम्ही सगळ्यांनी नॅपकिन गरागरा फिरवायचे. मी पण फिरवला. का ते विचारू नका.

चिंचगूळ (रविवार, दुपारी १:३०)

शेंगदाणा, गुडघ्यांवर हसू आवरेना. पण एक सांगू का, त्या काकांची गोष्ट तुम्हाला अजून आठवतेय. बुफेत कोण बसलं होतं ते आठवतंय का?

@मावळा, शाकाहारी माणसांची व्यवस्था उत्तम. रोज वेगळा पदार्थ कार्डावर असतोच. शिवाय आदल्या रात्री हेडवेटरला सांगितलं की दुसऱ्या दिवशी भारतीय जेवण मिळायचं. हेडवेटर मडगावचा. पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलला, दुसऱ्या दिवशी हिंदीत. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कोंकणीत काहीतरी पुटपुटल्यावर (त्याचं आजोळ काणकोण) आमच्या टेबलाला लिंबाचं लोणचं मिळायला लागलं. मास्तरांनी ते चमच्याने खाल्लं. नुसतं.

@नांगर_टाक, पोळ्याच होत्या, फुलके नव्हते. आता कळलं का ते.

उगाच_शंका (रविवार, दुपारी ३:१०)

'पॉश' हा शब्द बोटीवरूनच आला ना? मुंबईला जाताना डाव्या बाजूची खोली, परतताना उजव्या, म्हणजे उन्हाचा त्रास नाही. त्या श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी, येताना उजवी) याच्या चार आद्याक्षरांचा शिक्का असायचा.

नांगर_टाक (रविवार, दुपारी ३:२५)

उगाच शंका. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. गोष्ट झकास आहे, म्हणून टिकून आहे. तांबड्या समुद्रात सावलीची बाजू सुखाची असायची एवढं मात्र खरं.

तांबड्या समुद्रावरून आठवलं. पूर्वी वरच्या वर्गात रात्रीच्या जेवणाला कोट-टाय सक्तीचा. फक्त बोटीवरची पहिली आणि शेवटची रात्र सोडून, कारण तेव्हा सामान एकतर उघडलेलं नसायचं किंवा बांधून झालेलं असायचं. पण सुएझ ओलांडून खाली आलं की त्या भट्टीत साहेबसुद्धा पघळायचा. मग कोट काढून नुसता पांढरा सदरा आणि कमरेला पट्टा, एवढ्यावर जेवायला यायची मुभा. त्या पोशाखाला तांबड्या समुद्राचंच नाव पडलं. म्हणजे प्रथा वाकते. उकडलं की वाकते.

रत्नागिरीकर (रविवार, रात्री ९:४८)

धागा उशिरा पाहिला. आमचे आजोबा पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर होते. उतारू म्हणून नाही, खलाशी म्हणून. शेवटी सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या माणसांचा म्होरक्या, त्याच्या हाताखाली टिंडल. सुकाण धरणारा सुकाणी, झाडलोट करणारा टोपास. आजोबांची नळी अजून घरात आहे. नळी म्हणजे नोकरीचे दाखले ठेवायची पत्र्याची नळकांडी. पुढे कागदांची वही झाली तरी आमच्याकडे तिला नळीच म्हणतात.

कंपनीची वाटणी ठरलेली होती. डेकवर आमच्या रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले. इंजिनात, भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण. सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात आणि खोल्यांवर, गोवेकर. गोवेकर मंडळी दोन बोटींच्या मधल्या दिवसांत मुंबईत धोबीतलाव, माझगावकडे आपापल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या वसतिघरात राहायची. आजोबा डोंगरीला गाववाल्यांच्या खोलीत.

तुम्ही सगळे वरच्या जेवणाबद्दल लिहिताय म्हणून सांगतो. खाली आमच्या माणसांचा वेगळा भटारखाना असे. तिथल्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. भात, डाळ, कालवण, सुकी मच्छी. शिधा कायद्याने ठरलेला, आणि तो गोऱ्या खलाशाच्या शिध्यापेक्षा कमी. आजोबा तक्रार करायचे नाहीत, पण सांगायचे की बिलायतेच्या थंडीत, टिलबरीला बोट लागली की भंडारी डाळीत मिरची दुप्पट घालायचा.

गंमत ही की वर साहेबलोकांना दुपारी करी लागायची. पी अँड ओची ती जुनी रीतच. एकाच बोटीवर दोन करी शिजत होत्या. आजोबांनी वरची एकदा चाखली. सलूनमधल्या एका दोस्ताने वाटीत आणून दिली. आजोबांचं मत : "रंग चांगला होता."

इतिहासवेडा (सोमवार, सकाळी ८:२०)

वा रत्नागिरीकर! रंग चांगला होता!!

वर्गांचा विषय निघालाय तर टायटॅनिकच्या तिसऱ्या वर्गाचं १४ एप्रिल १९१२ चं कार्ड बघा. दुपारी मुख्य जेवण : भाताचं सूप, ताजा पाव, भाजलेलं गोमांस, मका, उकडलेले बटाटे, पुडिंग, फळं. रात्री झोपताना पेज, बिस्किटं आणि चीज. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, सगळं एकाच कार्डावर. खाली छापलंय की जेवणाबद्दल किंवा उद्धटपणाबद्दल तक्रार असेल तर लगेच पर्सरला (बोटीवरचा हिशेब आणि उतारूंची व्यवस्था बघणारा अधिकारी) किंवा मुख्य स्टुअर्डला कळवा. बटलरच्या हातचं खाणाऱ्याला तक्रार कशी करायची ते माहीत असतं. पहिल्यांदाच टेबलावर वाढून घेणाऱ्या शेतमजुराला ते छापून सांगावं लागतं. वरच्या वर्गाला मात्र जेवणाची सूचना बिगुल वाजवून मिळे.

ऐश्वर्याचा कळस म्हणजे फ्रेंचांची १९३५ ची नॉर्मांडी. जेवणाचा हॉल ९३ मीटर लांब, एका वेळी ७०० जण. खिडकी एकही नाही. समुद्र दिसूच नये अशी सोय! सगळा उजेड लालीक या फ्रेंच काच-कलावंताच्या काचेच्या खांबांमधून आणि झुंबरांमधून. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागून आडवी झाली.

त्याच सुमारास क्वीन मेरी सैनिक वाहत होती. जुलै १९४३ च्या एका फेरीत तिच्यावर १६,६८३ माणसं होती. दिवसातून दोनच जेवणं, आणि त्यासाठी पंगतींवर पंगती. चिंचगूळताईंच्या साडेआठच्या पाळीचे पणजोबा ते हे.

आपल्याकडे तर प्रश्न काय खायचं यापेक्षा कुणाच्या हातचं खायचं हा होता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा प्यायल्यावरून रानडे-टिळकांचं प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तेही जमिनीवर. बोटीवर तर आधीच समुद्र ओलांडल्याचं पाप, वर तिथलं अन्न. त्या आधी सात वर्षं, १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या, नवरा बरोबर नाही, सोबतीला मिशनरी बायका. त्या अठरा वर्षांच्या मुलीने ताटात काय घेतलं असेल आणि काय बाजूला सारलं असेल, हा विचार मला त्या पदवीपेक्षाही अस्वस्थ करतो.

आणि ज्याच्याकडे पैसा, त्याने काय करावं? जयपूरच्या महाराजा माधोसिंगांनी १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जाताना 'ऑलिंपिया' नावाची कोरी बोटच भाड्याने घेतली. धुऊन, पूजा करून, वर देव बसवून, स्वतंत्र स्वयंपाकघरं करून आणि चांदीच्या अजस्र घागरींत गंगाजल भरून. त्या घागरी जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आहेत. प्रत्येकीत चार हजार लिटर पाणी मावतं. स्वतःची पंगत घेऊन जाणारा माणूस!

मुंबईचा_मावळा (सोमवार, सकाळी ८:३१)

म्हणजे केसरीवाल्यांच्या टूरसारखंच की. महाराज बरोबर.

कोकणी_काकडी (सोमवार, सकाळी १०:०२)

लायनर-बियनर आम्हाला काय माहीत. आमची बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, 'कोकण सेवक'. डेकवर चादर टाकून जागा धरायची, ट्रंक उशाला. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची. बोट लागायची म्हणून कोणी फारसं खायचं नाही, आणि पहाटे बंदर दिसलं की सगळे एकदम दशम्या सोडायचे. शेजारच्या कुटुंबाला द्यायच्या, त्यांच्याकडचं तळलेलं बांगड्याचं तुकडं यायचं. ठरलेलं टेबल नव्हतं पण ठरलेली चादर होती.

अवांतर झालं असेल तर माफी.

शेंगदाणा (सोमवार, सकाळी १०:४०)

हेच खरं अवांतर नाही. बाकी सगळं अवांतर.

पण कपड्यांचं कुणीच बोलेना. चिंचगूळताई, सूट नसेल तर हाकलून देतात का?

चिंचगूळ (सोमवार, दुपारी १२:५०)

हाकलत नाहीत. सात रात्रींत दोन समारंभाच्या. तेव्हा पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट. आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाखही चालतो, म्हणून नवरा बंदगळा घालून बसला आणि बो बांधता न येणाऱ्या त्या तरुणाला हेवा वाटेल असा आरामात जेवला. ज्यांना नटायचं नाही त्यांनी बुफेत किंवा पबमध्ये जावं. पूर्वीपेक्षा हे पुष्कळ सैल झालंय. डंडीच्या मास्तरीणबाई सांगत होत्या की क्यूई २ वर, म्हणजे क्वीन एलिझाबेथ २ या बोटीवर, ऐंशीच्या दशकात, बाकीच्या रात्रीही लोक बरेच नटायचे. ती बोट आता दुबईत हॉटेल होऊन उभी आहे. जुनी क्वीन मेरीही हॉटेलच. म्हणजे निवृत्तीनंतर बोटीचं फक्त जेवण आणि झोपणं उरतं.

घड्याळाची गंमत राहिली. अमेरिकेकडे जाताना पाच रात्री घड्याळ तासाने मागे, म्हणजे पंचवीस तासांचा दिवस. मध्यरात्रीनंतर आपोआप होतं, त्याने झोप मिळते आणि सकाळी भूक जास्त. येताना उलटं, आणि ते काम भर दुपारी. बारा वाजतात, कप्तान कुठे आहोत ते सांगतो, भोंगा वाजतो आणि बाराचा एकदम एक. नाश्ता पोटात आणि जेवायची वेळ झालेली! नांगर_टाक म्हणाले तो जुना भोंगा रोज ऐकला. छातीत घुमतो.

काही जेवणघरांत जादा पैसे घ्यायचा प्रकारही जुनाच बरं का. क्वीन मेरीवर मागच्या टोकाला व्हरांडा ग्रिल होतं. वरच्या वर्गाचं तिकीट असूनही तिथे जेवायचं तर वेगळे पैसे. नव्या बोटीवरही त्याच नावाचं जेवणघर, तिथेही वेगळे पैसे. परंपरा जपायची ती अशी.

आळूचं_फदफदं (सोमवार, रात्री ८:१५)

आमच्या आजोबांचा किस्सा. तिसाच्या दशकात बॅरिस्टरी करायला गेले. बॅलार्ड पिअरहून बोट. कट्टर शाकाहारी, आईला शब्द दिलेला. सकाळी अकराला डेकवर आरामखुर्चीत बसले असताना स्टुअर्ड कप घेऊन फिरायला लागला. "बीफ टी, सर?" आजोबांनी ऐकला फक्त शेवटचा शब्द. कप हातात घेतला, वास जरा वेगळा वाटला, पण बोटीवरचा चहा असाच असेल म्हणून तोंडापर्यंत नेला. तेवढ्यात तो गोवेकर स्टुअर्ड वाकून हळूच म्हणाला, "साहेब, तो चहा न्हय."

आजोबांनी त्याला परतीच्या प्रवासापर्यंत लक्षात ठेवलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला पैसे पाठवले होते असं आजी सांगायची.

इतिहासवेडा (सोमवार, रात्री ८:४०)

गोमांसाचा तो गरम अर्क अकरा वाजता डेकवर वाटायची चाल अटलांटिकवरही होती. थंड वाऱ्यात अंगात ऊब. एडनच्या उन्हात कशाला, ते साहेबालाच ठाऊक.

मधुमालती (मंगळवार, दुपारी ४:०५)

वय वर्षं ७१, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझे वडील १९६१ मध्ये लिव्हरपूलला गेले, अँकर लाइनच्या 'सर्केशिया'ने. ती बोट फार मोठी नव्हती, झगमगाटही नव्हता, पण विद्यार्थी, डॉक्टर, मिशनरी असे पुष्कळ लोक त्या कंपनीने जात. १९६६ मध्ये तिची मुंबईची फेरी बंद झाली. ज्यांना जमेल ते इटालियन बोटीने जात, 'व्हिक्टोरिया' किंवा 'एशिया'. तिथे मांस नको म्हटलं तरी शेवया आणि टोमॅटो मिळायचा, असं वडील हेव्याने सांगत.

आईने बरोबर बेसनाचे लाडू, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं दिलं होतं. वडील शाकाहारी. पोर्ट सैदला जादूगार बोटीवर चढले आणि त्यांनी वडिलांच्या खिशातून कोंबडीचं पिल्लू काढलं, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली.

काल हा धागा वाचून ट्रंक उघडली. मेन्यूकार्डं आहेत, अकरा. पातळ पुठ्ठ्याची, पुढे बोटीचं चित्र. आत छापील इंग्रजी यादी, आणि वडिलांनी खाता येण्यासारख्या पदार्थांपुढे पेन्सिलने टिंबं केली आहेत. बहुतेक कार्डांवर तीन टिंबं. एकावर दोनच. मागे बारीक अक्षरात मराठीत लिहिलंय. एक उतरवते :

"आज समुद्र शांत. टेबलावर मद्रासचे डॉ. आणि स्कॉच मिशनरी बाई, दोघे चांगले. बाईंनी त्यांचं सफरचंद दिलं. भात बरा. वरण नाही. मेतकूट पुरवून खाणे."

चिंचगूळ (मंगळवार, संध्याकाळी ५:३०)

मधुमालतीताई, "मेतकूट पुरवून खाणे" वाचून डोळ्यांत पाणी आलं. सगळी अकरा कार्डं इथे टंका ना, सवडीने. आणि बघा, एकसष्ट सालीही ठरलेलं टेबलच. शेंगदाणा, वाचताय ना?

शेंगदाणा (मंगळवार, संध्याकाळी ५:४१)

वाचतोय. त्यांना सफरचंद मिळालं. मला गुडघा.

रत्नागिरीकर (मंगळवार, रात्री १०:२०)

मधुमालतीकाकू, आजोबा त्या कंपनीत नव्हते, पण त्या बोटींवरही आपलीच माणसं असायची, म्हणजे भंडारी असणारच.

वरण होतं, काकू. खाली होतं. तुमच्या वडिलांनी कुणा खलाशाला विचारलं असतं तर वाटीभर नक्की वर आलं असतं.

मधुमालती (बुधवार, सकाळी ९:१०)

ते लाजाळू होते हो. कुणाला काही मागायचे नाहीत.

बाकीची कार्डं दुपारी टाकते. एकावर लोणच्याचा डाग पडलाय, तिथलं वाचता येत नाहीये.